दांडी आडवी होईपर्यंत

मी एक जुने गटिंगचे यंत्र आहे, मित्रांनो. टेनिसच्या रॅकेटला जी जाळी असते ना, ती माझ्यावर विणली जाते. तुम्हाला टीव्हीवर खेळाडू दिसतात, टाळ्या ऐकू येतात. मी मात्र आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही. सामना मैदानावर चालतो आणि मी खोलीत पडून असतो.

तरी सामना कसा झाला ते मला कळते. तार तुटून रॅकेट परत आली, की ती कुठे तुटली ते मी बघतो. मधोमध तुटली असेल, तर खेळणाऱ्या पोरीने चेंडू बिनधास्त मारला. चौकटीच्या कडेला तुटली असेल, तर ती बिचकत, उशिरा मारत होती. तोंडाने माणूस काहीही सांगो, तारेला लपवालपवी जमत नाही.

माझा जन्म तैवानमधला. तिथून मी थायलंडमध्ये आलो आणि नाखोन सावनच्या एका बॅडमिंटन क्लबात बरीच वर्षे राबलो. तो क्लब बंद पडला तेव्हा तिथल्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी मला मोटारसायकलवर बांधून घरी नेले. त्यांच्या मुलीचे घरचे नाव ताल. ताल म्हणजे ताडाचे झाड. प्रत्यक्षात पोरगी होती ठेंगणी, त्यामुळे गल्लीत तिची भरपूर थट्टा होई.

मास्तरांनी तिला माझे काम शिकवले. माझ्या दांडीवर एक वजन सरकते. ते टोकाकडे न्याल तितका तारेवर ताण वाढतो. वजन सोडले की दांडी हळूहळू खाली येते आणि वाण्याच्या तराजूसारखी आडवी होऊन थांबते. मगच तार पकडीत आवळायची. ताल घाई करायची आणि मास्तर म्हणायचे, "दांडी आडवी होईपर्यंत थांब. तार ओढून घेता येते, पण फसवता येत नाही."

ताल शाळेत चषक जिंकू लागली तेव्हा माझेही दिवस सोन्याचे होते. शेजारीपाजारी येऊन मला हात लावून बघत. मग ती व्यावसायिक खेळाडू झाली आणि मी तिच्या पिशवीतून मलेशिया, इंडोनेशिया हिंडलो. जगातल्या पहिल्या काही जणींची नावे लोकांना पाठ असतात, पण आमच्या तालचा क्रमांक आठशेच्या आसपास. तिथे ना प्रशिक्षक सोबत, ना टाळ्या. खोलीत बसून चिकट भात आणि भाजलेले डुकराचे मांस खायचे, आपल्या रॅकेटी आपणच विणायच्या आणि चार पैसे मिळावेत म्हणून दुसऱ्या मुलींच्याही विणायच्या. मला त्या दिवसांचा अभिमान आहे.

मग तालचे मनगट दुखावले. वर्षभर मी पलंगाखाली पडून होतो. पालीने माझ्या पायाशी अंडी घातली, तरी कुणी बघितले नाही. ती परत खेळू लागली खरी, पण मनातली भीती गेली नव्हती. तिच्या सगळ्या तारा कडेलाच तुटत होत्या.

शेवटी सत्ताविसाव्या वर्षी तिने आईला शब्द दिला. हुआ हिनच्या स्पर्धेत पात्रता फेऱ्या पार करून मुख्य फेरी गाठली तर ठीक, नाही तर खेळ बंद. मग बँकॉकला लहान मुलांना शिकवायची नोकरी धरायची आणि मला दुकानात विकून टाकायचे. हे सगळे बोलणे ती माझ्यावर रॅकेट चढवत फोनवर करत होती.

हुआ हिनला पहिल्या दोन पात्रता फेऱ्या ती कशीबशी जिंकली. मुख्य फेरीआधी एकच सामना उरला. त्या दुपारी खिंग नावाची एक तरुण खेळाडू दोन रॅकेटी घेऊन आली. खिंग म्हणजे आले, आणि पोरगी तशीच तिखट. तालने तिची एक रॅकेट विणून दिली, दुसरी अर्धी झाली, तेवढ्यात फोनवर उद्याच्या जोड्या आल्या.

"माझ्यासमोर कोणी नत्थारिका आहे," ताल म्हणाली. "ही कोण गं? कधी ऐकलं नाही नाव."

खिंग डोक्याला हात लावून हसत सुटली. "ताई, ती मीच की. सोङ्क्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, भिक्खूंकडून नाव बदलून घेतलं ना मी. जुनं नाव लाभत नव्हतं."

आमच्याकडे हे असेच चालते. सगळ्या घरच्या नावानेच हाक मारतात, एकमेकींची खरी नावे कुणाला माहीत नसतात, आणि माहीत होईपर्यंत ती बदललेली असतात. खिंग ओशाळून म्हणाली, "दे ती रॅकेट, दुसरीकडून करून घेते."

ताल म्हणाली, "अर्धा शिजलेला भात आणि अर्धी विणलेली रॅकेट कुणाला देऊ नये. तू जेवून ये."

खिंग गेली आणि खोलीत आम्ही दोघेच उरलो. तालने हात पुढे केला आणि वजन जरासे आतल्या बाजूला सरकवले. अगदी जरासे. मित्रांनो, तेवढ्याने तार सैल होते आणि चेंडू रेषेबाहेर उडू लागतो. कुणाला कळलेही नसते. या हातांना मी तिच्या लहानपणापासून ओळखत होतो. दांडी खाली आली आणि ताल तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने ती तार सोडवली, वजन मूळ जागी नेले आणि पुन्हा ओढली. उरलेली प्रत्येक तार तिने दांडी आडवी होईपर्यंत थांबून विणली.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी परतली. "हरले," असे फोनवर आईला म्हणाली आणि रॅकेट माझ्या शेजारी टाकली. मी पाहिले. तार मधोमध तुटली होती. पोर हरली होती, पण घाबरली नव्हती. तिला हे सांगावे म्हणून माझा जीव तगमगला. तिने मला पिशवीत भरले.

गाडीतळावर ताल नाखोन सावनच्या गाडीची वाट बघत होती, तेव्हा खिंगचा फोन आला.

"ताई, कुठे आहेस? मुख्य फेरीतल्या एकीचं पोट बिघडलंय. हरलेल्यांत तुझा क्रमांक सगळ्यात वर आहे, जागा तुझी. पण सही करायला स्वतः यावं लागतं, वेळ संपत आलीय. मी इथल्या बाईंना बोलण्यात गुंतवते, तू पळ."

तालने मला उचलले, दोन पावले धावली आणि थांबली, कारण मी जड. शेजारी एक बाई भाजलेली केळी विकत बसली होती. "मावशी, हे जरा बघाल?" एवढे म्हणून पोर गेलीसुद्धा. मावशीने मला नीट निरखले आणि माझ्यावर केळ्यांची टोपली ठेवली. गाड्या आल्या, गेल्या. आपल्याला ही कायमची सोडून गेली, असेही माझ्या मनात येऊन गेले.

संध्याकाळी ताल आली. घामाने निथळत होती. तिने मावशीची केळी घेतली, मला छातीशी धरले आणि म्हणाली, "चल, काम आहे."

मुख्य फेरीत तिने पहिला सामना जिंकला, दुसरा हरली. टीव्हीवर काही दाखवले नाही. बँकॉकची नोकरी तिने नाकारली आणि आई आठवडाभर रुसून बसली. ताल अजून खेळते आहे आणि मी अजून विकलो गेलेलो नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे जुने अवजार घरात असेल तर त्याच्या स्क्रूंना कधीतरी तेल द्या, एवढीच विनंती. आणि दुसऱ्याचे काम हातात आले, की दांडी आडवी होईपर्यंत थांबा.

आता मला कामाला लागायला हवे. उद्या ताल आणि खिंग पुन्हा समोरासमोर आहेत. दोघींच्या रॅकेटी माझ्यापुढे पडल्या आहेत, आणि तालने आधी खिंगची चढवली आहे.