धोट्याचं पोट

ज्ञानबा, बस जरा, बाजार कुटं पळून जात न्हाय. तुझी पोर सुकन्या चालता चालता पडती म्हणं. आमच्या सृष्टीचं बी तसंच हुतं. तिची गोष्ट सांगतो, चहा संपंपर्यंत ऐक.

सृष्टी म्हंजे माझी नात. जिना बघितला की खालीच बसायची. डॉक्टर रक्त तपासून म्हणला, एका प्रोटीनमदी खोट हाय. मी म्हणलं, एवढंच? रोज दोन अंडी अन् शेंगाची चटणी चालू केली. पोरगी कोंबडी दिसली तरी तोंड फिरवाया लागली.

तवा पुतणी आली पुण्याहनं, उत्कर्षा. असल्याच प्रोटीनच्या संशोधनात काम करती ती. मला म्हणली, "काका, अंडी बंद करा. अंगात बारकी बारकी यंत्रं असत्यात, त्यातलं हे एक. काय काम करतंय ते अजून कुणालाच ठावं न्हाय."

कॉम्प्युटरवर तिनं त्याचा आकार काढला. गुंतलेल्या सुतावानी दिसत हुतं.

"आकारावरनं काम कळतंय व्हय? माझा बघून सांग."

"पोट बघूनच कळतंय, काका."

आमची बायकू बजाबाई लई हसली. उत्कर्षा म्हणली, "एमआयडीसीत मागावर धोटा बघता की. टोकं निमुळती, पोटात पोकळी. नवख्याला बी कळंल, ह्यात सुताची कांडी बसती अन् इकडनं तिकडं जाती. ह्या प्रोटीनला बी तसली पोकळी हाय."

मग तिनं कॉम्प्युटरवर त्याच्याशी जुळणारा आकार हुडकला, तर तो एका जंतूत घावला. त्या जंतूतल्याचं काम ठाऊक हुतं: विटामिन आत न्यायचं. लॅबमदी करून बघितलं. चांगल्या प्रोटीनमदी विटामिन बसलं, सृष्टीच्या खोट असलेल्यात नीट बसंना. म्हंजे पोरीचा धोटा निम्मा रिकामाच पळत हुता बघ.

आता डॉक्टर तेच विटामिन जादा देतोय. परवा एसटीची पायरी दांडी धरून एकटी चढली. बरी झाली म्हणत न्हाय मी. पण चढली.

उत्कर्षा म्हणती, एका पोरीवरनं पक्कं सांगता येत न्हाय. तुझ्या सुकन्याची खोट तीच निघंल असं बी न्हाय. दुसरंच काय निघालं तर डॉक्टर बघंल. पण नजर लागली म्हणून मिरच्या ववाळत बसू नको, ज्ञानबा. उद्या सकाळच्या एसटीनं तिला घिऊन सोलापूरला ये की, तिचं बी रक्त तपासून घिऊ.