डाव्या सीटवरचा ब्रेक

व्यंकटरावाच्या फियाटला दोन ब्रेक होते. एक पायाखाली, दुसरा डाव्या सीटवर. दुसऱ्याचं नाव केवळाबाई. समोर सायकल येवो, बैलगाडी येवो की तहसीलदार, ती एकच ओरडायची, "हळू, म्हैस हाय!" चोवीस वर्षांत फियाटनं कुणाला साधा धक्का लावला नाही.

मागच्या पोळ्याला केवळाबाई गेली. पायाखालचा ब्रेक शाबूत होता, तरी वर्षात तीन क्लेम झाले. पहिला पूर्णा रोडला, खरोखरच्या म्हशीपायी. दुसरा परभणी बंदच्या दिवशी. अख्खा रस्ता मोकळा, त्यावर एकच हातगाडी, ती व्यंकटरावानं बरोबर गाठली. तिसरा विमा कचेरीच्या फाटकाला. दुसऱ्या क्लेमचा कागद द्यायलाच निघाला होता.

आज पॉलिसी नवी करायची होती. कचेरीतल्या दिनकररावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हप्ता दीडपट झाला, व्यंकटराव."

"का बरं?"

"गाडी जुनी. शहरात फिरती. उभी उघड्यावर, त्यात बंद अन् दगडफेक. तुमचं वय बासष्ट. हे सगळं चाललं असतं, पण तीन क्लेम? आमच्या फाटकातून तर तुमी घरच्यासारखे शिरलात. आता आणखी एक झाला की वरचे पॉलिसीच देणार न्हाईत. बिनविम्याची गाडी रस्त्यावर काढता येत न्हाई. विकावी लागंल."

व्यंकटरावानं खिडकीतून बाहेर उभ्या फियाटकडे पाहिलं. गाडी गेली की डावी सीटही जाणार. तिच्या फटीत केवळाबाईच्या केसांतला आकडा अजून तसाच होता. त्यानं तो काढला नव्हता.

"साहेब, हिशोबात बायको धरत न्हाईत का?"

"धरतात की. वारस म्हणून."

"तसं न्हाई. शेजारी बसणारी. ती होती तवा एक क्लेम न्हाई. कारणात लिवा की, बायको नव्हती म्हणून."

दिनकररावांनी फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. "तसा रकानाच न्हाई," ते हळूच म्हणाले. "दुसरं कुणी बसवा शेजारी."

"मेव्हण्याला बसवलं होतं, सटवाजीला. त्यो वसमत नाक्यापासूनच घोरायला लागला. आमीच त्याला म्हशी दाखवीत होतो."

हप्ता भरून व्यंकटराव निघाला. भर दुपारी स्टेशन रोड सुना होता. तिसरा गियर पडला आणि त्याच्याच तोंडून, बारीक आवाजात, निघालं, "हळू, म्हैस हाय!"

पाय आपोआप ब्रेकवर गेला. फियाट जागीच उभी राहिली.

मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, काय झालं?"

"म्हैस हाय."

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून रिकामा रस्ता पाहिला. "कुठंय?"

व्यंकटरावानं डावीकडे पाहिलं. मग समोर.

"चालली," तो म्हणाला. "लय सावकाश चालती. जाऊ द्या तिला."