रविवारची भरपाई

मी एक ट्यूब बोलतेय. पांढरी, बिनवासाची, साध्या क्रीमची. जरा हळूच बोलते, कारण याच फळीवर माझ्या शेजारी ज्या बाटल्या उभ्या आहेत, त्यांची मला भीती वाटते.

तशी मी जात्याच भित्री. कारखान्यात माझ्या पोटात क्रीम भरलं आणि खालचं तोंड गरम दाबून बंद केलं, तेव्हाच माझं अवसान गेलं. दुकानात कुणी उचललं तरी धस्स व्हायचं. शेवटी एका ताईने मला उचललं, पाठीवरची बारीक अक्षरं वाचली आणि धाकट्या बहिणीच्या सामानात ठेवलं. बहीण वसतिगृहात राहून शिक्षिका होण्याचा अभ्यास करणार होती.

"सकाळ-संध्याकाळ तोंड धू, हे लाव, बाहेर पडताना सनस्क्रीन. एवढंच कर गं बाई," ताई म्हणाली.

"हो गं, कळलं! लहान आहे का मी?"

वसतिगृहात या बहिणीचं नाव पडलं धांदल. नाव ठेवणारीने अगदी नेमकं ठेवलं. सकाळी उठायला उशीर, मग बाथरूमपुढची रांग, मग अंगाच्याच साबणाने तोंड खसाखसा धुऊन ओल्या चेहऱ्याने पळत सुटायचं. संध्याकाळी तक्ते रंगवता रंगवता काजळासकट आडवी. माझं टोपण आठवडेच्या आठवडे उघडत नसे. हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, तेव्हा मात्र आरसा हातातून सुटेना.

धांदलची अभ्यासाची एक रीत होती. सगळं सत्र पुस्तकाला हात लावायचा नाही आणि शेवटी एका बैठकीत सगळं संपवायचं. तेच तिने चेहऱ्याचं केलं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दुपारी सगळी भरपाई. खोलीतली दुसरी मुलगी, जिला सगळ्या मॅडम म्हणत, तिच्याकडे बाटल्यांची रांग होती आणि मन मोठं होतं. "घे गं, मी कुठे रोज वापरते!"

एकदोन रविवार निभावले. मग पुढच्याच बुधवारी धांदलचा शाळेतला पहिला पाठ आला. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई बसणार होत्या आणि पाठ बिघडला तर पुन्हा द्यावा लागणार होता. चेहरा लख्ख हवा, असं धांदलने मनावर घेतलं. त्याआधीच्या रविवारी तिने पहिल्यांदा दाणेदार स्क्रब घासला. त्यावर चेहऱ्याला लावायच्या ॲसिडची बाटली. त्यावर रात्री लावायचं सीरम, भरदुपारी. वर मास्क. मी फळीवरून ओरडत होते, पण टोपण बंद असलेल्याचं कोण ऐकतं?

"मॅडम, झोंबतंय गं."

"झोंबतंय म्हणजे काम करतंय. थांब जरा."

ती थांबली, आणि तेच चुकलं.

सोमवारी सकाळी तिचा चेहरा लालभडक झाला होता, गालांची सालं निघत होती आणि उजवी पापणी इतकी सुजली होती की डोळा उघडेना. "मॅडम, मला नीट दिसत नाहीये," ती म्हणाली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फळीवरचं सगळं पिशवीत भरलं, त्यात मीही, आणि दोघी कॉलेजच्या दवाखान्यात धावल्या. पिशवीतल्या अंधारात मी त्या ॲसिडच्या बाटलीला चिकटून होते.

डॉक्टरांनी एकेक बाटली टेबलावर मांडली. "हे सगळं एकाच दिवशी?"

"रोज वेळ मिळत नाही ना, म्हणून आठवड्याचं एकदम..."

"आठवड्याचं पाणी एकदम पितेस का?" त्यांनी डोळा बराच वेळ तपासला. "नशीब, डोळा आतून ठीक आहे. डाग राहतील का, ते आज नाही सांगता येणार. या बाटल्या बंद. नुसत्या गार पाण्याने तोंड धुवायचं, किंचित ओलं असतानाच हे लावायचं. उन्हात जायचं नाही, आग थांबली की मग सनस्क्रीन."

'हे' म्हणजे मी.

मला वाटलं होतं मी खूश होईन. पण माझी गाळण उडाली. मी काही औषध नाही. मीही झोंबले तर? संध्याकाळी तिने टोपण उघडलं. तिने थेंबभर घेतलं, कानाच्या पाठीमागे लावलं आणि डोळे मिटून वाट पाहिली. मीही श्वास रोखून धरला. मग ती हळूच म्हणाली, "नाही झोंबत." आणि रडायला लागली.

बुधवारी ती शाळेत गेलीच, छत्री घेऊन, सालं निघालेल्या चेहऱ्याने. मी पर्समध्ये होते. एका मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुम्हाला भाजलं का?"

"हो गं. घाई केली," धांदल म्हणाली आणि खडू घेऊन फळ्याकडे वळली. पाठ पार पडला.

आता सूज गेली आहे. हनुवटीपाशी एक फिकट डाग राहिला आहे. रोज दोन वेळा ती मला उघडते, रांगेत उभी असतानासुद्धा लावते. म्हणूनच मी संपत आले आहे. शेपटाकडून गुंडाळून गुंडाळून ती मला पिळते आणि म्हणते, "उद्या नवी आणते." असे कितीतरी उद्या गेले. परीक्षा जवळ आली आहे, ती पुन्हा धावते आहे, आणि हनुवटीवर नवी पुटकुळी डोकं काढते आहे.

कचऱ्याच्या डब्याचं मला काही वाटत नाही. मला भीती आहे ती मी गेल्यावरच्या पहिल्या रविवारची. फळीवर माझी जागा मोकळी असेल आणि शेजारच्या बाटल्या भरलेल्या असतील. बाई गं, मला टाक, खुशाल टाक. पण आधी दुकानात जाऊन ये.