हिरवं लुगडं

"हे लुगडं सोमारीले देऊन टाक," लटारू म्हणाला, आणि अन्नपूर्णेने पेटीचं झाकण असं आदळलं की अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या.

"काऊन? तिले नेसाले काई नाई?"

"तसं नाई वं. तिले सातवा लागला, परवा ओटी हाय. तुह्यं तं कोरंच पडून हाय."

कोरं! त्रेपन्न साली हेच लुगडं त्याने तिच्या ओटीसाठी पोंभुर्ण्याच्या बाजारातून मिरवत आणलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर अन्नपूर्णेचं पोट वाढायला लागलं, तेव्हा सगळं गाव खुशीत होतं. ओटीला दोन दिवस उरले आणि अशी कळ उठली, की थेट नागपूर गाठावं लागलं. डॉक्टरांनी पोटातून नारळाएवढा गोळा काढला. अंडाशयाचा, वाईट जातीचा. वर्षाच्या आत लटारूने सोमारीला घरात आणलं.

आता चार वर्षांनी गोळा परतला होता. पोटात पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "आता कापून उपयोग नाही. मुंबईहून नवं औषध येतं, सुईने शिरेत द्यायचं. दोन महिने इथे राहावं लागेल, उलट्यांनी जीव नकोसा होईल. वर्षभर मिळेल, नाहीतर काहीच नाही. आठ दिवसांत ठरवा."

सहा दिवस झाले होते. अन्नपूर्णेने मनाशी नाहीच म्हटलं होतं. परक्या गावात सुया टोचून घेत कशाला मरायचं? आपल्या ओसरीत मरावं.

पण ओसरीत मरायचं म्हणजे सोमारीकडे बघत मरायचं! ती बघा, अंगणात चिंच चोखत बसली आहे, पोट पुढे काढून. पोटं दोघींचीही वाढलेली. तिच्याकडे बघून बाया हसतात, हिच्याकडे बघून डोळे पुसतात. अन्नपूर्णेचा नुसता जळफळाट होई.

"मले नोको ते लुगडं," सोमारी तिथूनच म्हणाली. "तुमी सुई घ्या ना बाई. लवकर बऱ्या व्हा."

हा गोडपणाच तर अन्नपूर्णेला सोसवत नसे. मेली एकदा तरी भांडली असती!

"सोमारीचं बाळंतपण होऊ दे," लटारू म्हणाला. "मंग जाऊ नागपूरले."

"डॉक्टरनं आठ दिवस सांगतले. तवरिक मी राहीन का?"

लटारू अंगणातल्या कोंबड्या हाकलायला लागला. अन्नपूर्णा समजायचं ते समजली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्याच निघू. मी सुई घेतो. मरून तिले घर मोकळं करून देऊ काय?"

"अवं, परवा ओटी..."

"शेजारणी भरतीन. तुमी माह्यासंगं चला."

सकाळी ती हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. लटारूने पाहिलं आणि वळकटी उचलली.

बल्लारशाला गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीपाशी बसलेल्या एका म्हातारीने ते लुगडं पाहिलं, पोट पाहिलं, आणि गाठोडं मांडीवर घेऊन जागा केली.

"बस माय, बस. कितवा हाय वं?"

लटारूने तोंड फिरवलं. अन्नपूर्णेने पोटावरून पदर सारखा केला.

"सातवा," ती म्हणाली.

म्हातारीने गाठोडं सोडलं आणि दोन चिंचा तिच्या हातावर ठेवल्या. अन्नपूर्णा त्या नागपूर येईपर्यंत चोखत होती.