जेरोनीला वाचा फुटली

जेरोनी तीस वर्षं आमच्याबरोबर सायकल चालवतोय आणि त्यातली एकोणतीस तो मिठाची गुळणी धरून होता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा या माणसाने माझ्या हातात पत्रिका ठेवली, "शनिवारी" म्हणाला आणि सायकलवर बसला. बस्स.

गेल्या वसंतात मात्र त्याला वाचा फुटली. दर रविवारी एस्पोर्लेस गावाहून निघालो की बान्याल्बुफारच्या उतारापासूनच सुरू. "दगड! डावीकडे दगड!" "खडी आली, खडी!" "बकरी, बकरी, दोन बकऱ्या!" समुद्र खाली शांत, वर हा ओरडतोय. बरं, एकटा असता तर सोडून दिलं असतं. पण पुढून न्हावी मासिया ओरडायचा, मागून पोलोनिया. पोलोनिया सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातून जगात आलंय, म्हणून ती अर्ध्या गावाला रागावते आणि उरलेल्या अर्ध्याला सवयीने.

आमच्याकडे असं नसतं. ओळीत चालवताना पुढचा माणूस हात पाठीमागे नेतो आणि बोटाने खड्डा दाखवतो, मागचा तोच हात त्याच्या मागच्याला करतो. तोंड लागत नाही. चढावर श्वास पुरेना, तिथे बडबड कोण करणार? मी वैतागलो होतो.

"म्हातारे झालात तुम्ही," एकदा एस्तेयेन्क्सच्या बारमध्ये पावावर टोमॅटो चोळता चोळता मी म्हणालो. "पोपटांच्या पिंजऱ्यातून चाललोय असं वाटतं."

"तू खा," पोलोनिया म्हणाली. "तोंड भरलेलं असलं की तू बरा वाटतोस."

जेरोनीने ऑलिव्हची बी थुंकली आणि काहीच बोलला नाही. बारमध्ये तो पूर्वीचाच जेरोनी असायचा. याचं मला नवल वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

कारण माझं सगळं लक्ष माझी झाकली मूठ झाकून ठेवण्यात होतं. मला दिसेनासं झालं होतं. अगदी अंधार नव्हे. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. कडेची भिंत दिसायची, वरचे पाइन दिसायचे, मधे मात्र कुणी ओल्या बोटाने रंग फासल्यासारखा डाग. जन्मभर मी खिडक्यांच्या झडपा बनवल्या, डोळ्याच्या अंदाजाने पट्टी कापली. पाल्मा शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे थोपवता येईल, परतवता येणार नाही. मोटार चालवायची नाही. सायकलबद्दल मी विचारलंच नाही.

घरी सांगितलं नाही, यांना तर नाहीच. ओळीत एक पडला की मागचे दोघे पडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्याच ओळीतल्या डामियाला चक्कर यायला लागली तेव्हा "आता घरी बस बाबा" हे त्याला मीच सांगितलं होतं. तो बसला. पुढच्या हिवाळ्यात बाजारात भेटला तेव्हा माझ्याशी फक्त बटाट्यांबद्दल बोलला. मला तसं व्हायचं नव्हतं. रविवार गेला असता तर माझ्याकडे सहा सोमवार उरले असते.

शिवाय मला वाटायचं, जमतंय की! पुढच्या चाकाचा आवाज ऐकत जायचं. वर्षभरात एकही दगड चाकाखाली आला नव्हता. स्वतःच्या कानांवर भारी खूश होतो मी.

मग मार्चमधला तो रविवार. मासियाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, तिघंही तिकडे. मला बोलावलं होतं, पण ऊन असं पडलेलं, मी मागाहून जेवायला येतो म्हणालो आणि निघालो. बान्याल्बुफारच्या पुढे जर्मन पाहुण्यांची एक ओळ मला गाठून पुढे गेली, दहाबारा जण, सगळ्यांचे कपडे एकसारखे. मी त्यांच्यात शिरलो. एकाने मान हलवून जागा दिली. किती शिस्तीची माणसं! चकार शब्द नाही. नुसता साखळ्यांचा आवाज. मनात म्हटलं, बघा रे, याला म्हणतात सायकल चालवणं.

तिसऱ्याच वळणावर मी दगडावर गेलो. आदल्या रात्रीच्या पावसाने वरून सुटलेला, पावाएवढा. हँडल हातातून गेलं आणि मी दगडी कठड्याला खांदा देऊन खाली आलो. माझ्या मागची मुलगी माझ्यावर. तिचा गुडघा सोलून निघाला. रडली नाही, पण मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "पण आम्ही दाखवला! सगळ्यांनी दाखवला!"

खरंच होतं तिचं. दहा जणांनी दहा हात पाठीमागे नेले होते. माझ्यापुढच्या पाठीवर, जिथे हात असतो, तिथे माझा डाग होता.

ती मंडळी गेल्यावर मी कठड्यावर बसून राहिलो. आणि मग माझ्या जाड टाळक्यात उजेड पडला. वर्षभर एकही दगड का लागला नाही, ते कळलं. मी पोपट म्हणालो होतो त्यांना. त्या रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या सायकलवाल्यांच्या देखत, मी हमसून हमसून रडलो. खांदाही दुखत होता, पण त्याच्यासाठी नाही.

पुढच्या रविवारी बारमध्ये मी खुर्ची पुढे ओढली. "ऐका. मला तुमचे हात दिसत नाहीत."

मासिया पावावर तेल ओतत राहिला. "हो," म्हणाला. "गेल्या वर्षी दुकानात येऊन तू खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केलास. तो उत्तर देईना म्हणून रागावलास पण."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर आला असतास?" पोलोनियाने विचारलं.

"नसतो आलो."

"मग? कोंबडं तू झाकून बसला होतास, गास्पार. आम्हाला उजाडलेलं दिसत होतं. आम्ही आपलं ओरडायचं ठरवलं."

मी हातातला पाव खाली ठेवला. एका मुलीचा गुडघा मी फोडला, हे त्यांना सांगितलं. आता तुम्हीच ठरवा, म्हणालो. घरी बस म्हणालात तर बसेन, तोंड वाकडं करणार नाही. मासिया पोलोनियाकडे बघतोय, पोलोनिया पेल्यात.

बोलला तो जेरोनी.

"चढ तुझा," तो म्हणाला. "चढावर आपण चालण्याच्या वेगाने जातो. तिथे मी ओरडेन. उतार नाही." मग थांबला, आणि त्याच्या मानाने भाषणच केलं. "उतारावर मला तेवढ्या झपाट्याने ओरडता येत नाही. वर्षभर दर रविवारी खाली पोचलो की माझे हात कापतात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

मी त्याच्या हातांकडे बघायला गेलो, अर्थातच ते पुसले गेले. म्हणून जरा बाजूला बघितलं, तेव्हा दिसले. टेबलावर एकमेकांत अडकवून ठेवलेले, सुरकुतलेले.

"ठरलं," मी म्हणालो. "उतार सोडला." त्यात दुःख नव्हतं असं नाही. ग्रामोयाच्या खिंडीतून आंद्राचकडे सुटण्यासारखं सुख मला दुसरं ठाऊक नाही.

पोलोनियाने फोन काढला. "फ्रान्सिनाइना? हो, सांगितलं त्याने. शेवटी! खिंडीत ये गाडी घेऊन."

फ्रान्सिनाइना माझी बायको. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

"वर्षभर तयार होती ती," पोलोनिया म्हणाली. "दर रविवारी विचारायची, आज आणू का."

आम्ही चढलो. जेरोनी पुढे, घसा फाडून ओरडत. खिंडीत माझी जुनी सुताराची गाडी उभी होती आणि बायको बाहेर, हात कमरेवर. तिने माझी टोपी काढली, कपाळावरचा घाम आपल्या बाहीने पुसला आणि मागचं दार उघडलं. मी तिचा हात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मी सायकल आत चढवली आणि मीही आत बसलो. मासिया आणि पोलोनिया हात हलवून उताराला लागले.

जेरोनी मात्र गेला नाही. या किनाऱ्यावर उताराला त्याच्यासारखा दुसरा नाही. तरुण पोरं त्याच्या मागे लागून वळणं शिकतात. त्याने आपली सायकल उचलली, माझ्या सायकलीशेजारी आडवी ठेवली आणि येऊन माझ्याजवळ बसला.

"अरे, तू जा की खाली," मी म्हणालो. "वेडा आहेस का?"

"मला उतार कधीच आवडला नाही," जेरोनी म्हणाला, आणि त्याने दार ओढून घेतलं.