शेवटची काच

काळ्या कापडाखाली डोकं घालून सुनेने कॅमेऱ्याच्या दुधी काचेत पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची तिथे उलटी टांगलेली होती.

"पाय वर, पाठ खाली, बाबा."

"मग बरोबर आहे," सासरे म्हणाले.

डोळ्यांनी दगा दिल्यापासून ते कॅमेरा हातांनीच बघत. जर्मन, घडीचा, सागवानी लाकडाचा. पितळी पट्ट्या चाचपत ते सांगत, "उष्ण, दमट हवेसाठी मुद्दाम केलेला. साधा असता तर बुरशीने कधीच गिळला असता." त्याचा लाल चामडी भाता अजूनही अलगद उघडे.

गावातली निम्मी लग्नं त्यांनी या कॅमेऱ्याने टिपली होती. पोटच्या पोराच्या लग्नात मात्र त्याची पेटीसुद्धा उघडली नाही. सून त्यांच्या पसंतीची नव्हती. त्याला अकरा वर्षं झाली. तिने कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ज्या काचेवर फोटो उमटतो, ती आता एकच उरली होती, तीही जुनाट. नवी कुठे मिळत नव्हती.

"हे संध्याकाळी आले की यांचाच काढा ना," ती म्हणाली.

"त्याचे ढीगभर आहेत. तू बस."

ती बसली. आता दुधी काचेत बघायला कुणी नव्हतं. सासऱ्यांनी भिंगाखाली सुतळी बांधली आणि ती ताणत, चाचपडत तिच्यापर्यंत आले. त्यांचा हात तिच्या कपाळाला टेकला, तिथून डोळ्यांवर घसरला आणि थबकला.

"हलू नकोस," एवढंच ते म्हणाले.

सुतळीवर वितींनी अंतर मोजून त्यांनी भाता बेताने सरकवला, काच बसवली, खटका दाबला.

मग न्हाणीघरात लाल दिव्याखाली, ते सांगतील तसं तिने काच औषधात बुडवली. काच काळी होत गेली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सगळीच.

"कशी आलीस?"

तिने काच लाल दिव्यासमोर धरली. चेहरा कुठेच उमटला नव्हता. "छान आलेय, बाबा."

"फोटो छापायचा कागद संपलाय. काचच लाव चौकटीत."

बैठकीच्या भिंतीवर, घरच्यांच्या फोटोंमध्ये तिने ती लावली. संध्याकाळी कामावरून आलेला नवरा त्या चौकटीसमोर उभा राहिला.

"अगं, हे तर..." त्याची नजर वडिलांकडे गेली. ते कान देऊन बसले होते. "छान आलीयस की. हसतेयस."

"कुठली हसतेय? रडत होती ती," सासरे म्हणाले. "असू दे. सरळ लागलाय ना?"

नवऱ्याने चौकटीचा कोपरा उगाच बोटभर वर सारला.

"आता लागला, बाबा."