कुमुदची गाठ

शालनच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा ती कुमुदच्या आवाजात शिव्या देत बाहेर आली. सर्जननं ती ट्रेमध्ये ठेवली आणि टाके घालायला घेतले. त्याच घटकेला तिकडे घरी शालनची धाकटी बहीण कुमुद गप्प झाली. कॉलेजात असल्यापासून ती भिंतीशी भांडत आली होती. आता तिनं उठून केस विंचरले आणि शेजारणीला विचारलं, "आक्का कुठं गेलीय?"

संशोधन विभागाचे डॉक्टर बोरगावे फार खूश झाले. मनाचे विकार आणि स्तनांचे आजार एकाच जनुकावरून घरात उतरतात का, हे ते शोधत होते. त्यासाठी दोघी बहिणींचं रक्त त्यांनी आधीच नेलं होतं.

"इतका थेट पुरावा कुणाला मिळालेला नाही, शालनताई," ते म्हणाले.

कुमुद भाकऱ्या थापू लागली. शालन ब्लाउज शिवायची, त्यांना कुमुद हुक लावून देऊ लागली. शालनला रात्रीची गाढ झोप लागायला लागली.

मग विभागातून बोलावणं आलं. गाठ सुकत होती, आणि ती सुकली की कुमुद पुन्हा भिंतीकडे बघून पुटपुटायची.

गाठ एका भांड्यात कोमट पाण्यात ठेवलेली होती. काढली तेव्हा सुपारीएवढी होती, आता पेरूएवढी झाली होती, पण सुरकुतलेली. तिला विरळ केस आले होते आणि एका बाजूला ओठांची चीर पडली होती. नासलेल्या दुधाचा आणि ओल्या केसांचा वास येत होता. शालननं पदर नाकाला लावला.

"गाईचं दूध दिलं, पावडरचं दिलं. थुंकते," बोरगावे म्हणाले. "तुमचंच द्यावं लागेल."

"माझं लग्न नाही झालं, डॉक्टर. मला कुठलं दूध?"

"ती रडली की येईल."

ती रडली. शालनच्या टाके नसलेल्या बाजूचा ब्लाउज भिजला. तांदळाच्या धुवणासारखं करडं, चिकट दूध होतं ते. तिनं तोंड फिरवून गाठ अंगाशी धरली. ओठ गार होते आणि आत कण्यांसारखे दात होते. पिता पिता मध्येच थांबून गाठ घाणेरडं बोलायची. कुमुद आईला बोलायची, तेच शब्द. पिऊन झालं की शालन बेसिनमध्ये ओकायची, चूळ भरायची आणि घरी जायची. घरी कुमुदनं चहा टाकलेला असायचा.

पुढं गाठ तिला सोडेना. विभागानं तिथंच खाट टाकून दिली. खोलीला खिडकी होती, ती विभागाच्या एका यंत्रामागं गेली. कुमुद डबा घेऊन येऊ लागली.

एका दुपारी कुमुद स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. गाठ आता तान्ह्या पोराएवढी जड झाली होती आणि तिच्या लाळेनं शालनची कूस बुळबुळीत झाली होती. शालनला स्वतःच्याच अंगाची शिसारी आली.

"डॉक्टरांना सांग, हे घेऊन जा म्हणावं. जाळा म्हणावं. मला घरी यायचंय."

"कशाला?" कुमुद म्हणाली. "आता सगळं बरं चाललंय की."

तिचा भांग सरळ होता, टिकली मधोमध होती. शालननं तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग लहानपणी गच्चीवरून खाली बोलवायची, तशी तिनं हाक मारली.

"कुमे."

"ओ, आक्का," छातीवरून उत्तर आलं.

स्टुलावरची बाई मोसंबीच्या शिरा काढत राहिली. तिनं मानही वर केली नाही.

ओ देताना सुटलेलं गाठीचं तोंड शालनच्या अंगावर आंधळ्यासारखं चाचपडू लागलं. तिच्या घशाशी आंबट आलं. ते गिळून तिनं दोन बोटांनी स्तन धरला आणि पुढं केला.